सईला सांगायचं नाही असं ठरलं होतं

मंगळवार, १४ मार्च २०१७. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. ऑकलंडमधल्या एका हॉस्पिटलचा स्त्रीरोग विभाग, खोली क्रमांक चार. हजर: डॉक्टर, विभागाची नर्स आणि मी, मेधा, वय त्रेपन्न. माझ्या शेजारी आणखी एक खुर्ची मांडलेली होती. तिच्यावर मी पर्स ठेवली.

"सोबत कोणी येणार आहे का? आपण थांबू शकतो," डॉक्टर म्हणाल्या.

"कोणी येणार नाही. सांगा."

त्यांनी सांगितलं. एन्डोमेट्रियल कार्सिनोमा, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा कर्करोग. लवकर सापडलेला दिसतो. गर्भाशय, दोन्ही नळ्या आणि दोन्ही अंडाशयं काढायची. लॅपरोस्कोपी, म्हणजे पोट न उघडता चार छोट्या छिद्रांतून दुर्बिणीने ऑपरेशन. मी मुद्देवार वहीत उतरवून घेतलं. नर्सने टिशूचा डबा पुढे सरकवला. मला रडू आलं नव्हतं, राग आला होता, आणि रागावर हॉस्पिटलात काही पुढे सरकवत नाहीत.

हे मी मुख्यतः बायकांसाठी लिहिते आहे. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जायचं. ठिपका असो, थेंब असो. बहुतेक वेळा काही निघत नाही. पण जायचं. मी पाच महिने गेले नाही.

खरं सांगायचं तर एकदा गेले होते. पहिला डाग ऑक्टोबरमध्ये दिसला. आमच्या भागातल्या, हेन्डरसनच्या दवाखान्यातले डॉक्टर घड्याळाकडे बघत म्हणाले, "हार्मोन्स असतील. तुमच्यावर ताणही आहे. पुन्हा झालं तर या." पुन्हा झालं. चार वेळा झालं, तेव्हा कुठे मी तपासणीला गेले. त्या डॉक्टरांवर मी नंतर पुष्कळ चिडले, पण त्यांचं वाक्य माझ्या सोयीचं होतं म्हणून मी ते धरून बसले होते, हेही खरं. माझं काम डिस्पॅचचं. कुठला ट्रक किती वाजता कुठल्या साइटवर पोचला पाहिजे, हे मी आठवडाभर आधी लिहून ठेवते. घरातली स्मोक अलार्मची बॅटरी बदलायची तारीखही माझ्या वहीत असते. स्वतःचा रक्तस्राव मी एकदाही वहीत लिहिला नाही.

कारण मला पडलेलीच नव्हती.

याआधीचं थोडं सांगावं लागेल. माझा नवरा श्रीकांत २०१४ मध्ये गेला. स्वादुपिंडाचा कर्करोग. ऑगस्टमध्ये कळलं, नोव्हेंबरात संपलं. त्या अडीच महिन्यांत मी दोन तक्ते केले होते. एक गोळ्यांचा आणि एक देवाचा. रोज एकवीस वेळा गणपतीचं स्तोत्र, प्रत्येक वेळेला एक खूण. दोन्ही तक्त्यांत एकही चौकोन मोकळा राहिला नव्हता. माझ्या बाजूने मी सगळं केलं होतं. श्रीकांत गेल्यावर तेराव्या दिवशी मी देव आइस्क्रीमच्या दोन लिटरच्या डब्यात भरले आणि गॅरेजमध्ये नेऊन ठेवले, रंगाच्या डब्यांशेजारी. ज्याने आपला शब्द पाळला नाही त्याला घरात कशाला ठेवायचं.

आणखी एक गोष्ट आम्ही दोघांनी मिळून केली होती. आमची मुलगी सई तेव्हा डनीडनला फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती. परीक्षा होती. तिला सांगितलं, बाबांना कावीळ झाली आहे, उतरते आहे. श्रीकांतचाच आग्रह होता, पण मी हो म्हटलं. आपल्याकडे असंच करतात. मुलांची परीक्षा संपेपर्यंत घरात कोणी आजारी नसतं. तिचा शेवटचा पेपर शुक्रवारी होता. श्रीकांत बुधवारी गेला.

त्यानंतर सईने टौरंगाला नोकरी धरली. दर रविवारी फोन करायची. हवा कशी आहे, गाडीचं काय झालं, बाय. एवढंच.

तर, मार्च २०१७. घरी येऊन मी कागद घेतला, मधोमध रेघ मारली. डाव्या बाजूला 'ऑपरेशन का करावं', उजव्या बाजूला 'का करू नये'. उजवी बाजू संध्याकाळपर्यंत भरली. रजा शिल्लक नाही. श्रीकांतसाठी सगळं करूनही काय झालं. घरात कोणी नाही. ऑपरेशननंतर कोण बघणार. आणि बरं होऊन पुन्हा काय, ट्रकच पाठवायचे. डावी बाजू कोरी राहिली. दोन आठवडे तो कागद फ्रिजवर लावलेला होता आणि मी त्याच्यासमोर उभी राहून चहा पीत होते.

अठ्ठावीस तारखेला प्री-अ‍ॅडमिशन क्लिनिक होतं. म्हणजे ऑपरेशनच्या आधी रक्त, ईसीजी, भूलतज्ज्ञांच्या गाठीभेटी आणि माहितीची उजळणी. ऑपरेशन करायचं नाही असं जवळजवळ ठरलं होतं, पण दिलेली वेळ चुकवणं मला जमत नाही, म्हणून गेले. तिथली नर्स कॉम्प्युटरवर वाचत गेली.

"धर्म, हिंदू?"

"काढून टाका."

तिने मान वर न करता काढून टाकला. "जवळचे नातेवाईक, श्रीकांत, पती?"

"तेही काढा. ते गेले."

आता तिने मान वर केली. "आय अ‍ॅम सॉरी, डिअर. मग कोणाचं नाव घालू?"

"मोकळंच ठेवा."

"ही जागा मला मोकळी सोडता येत नाही," ती म्हणाली. "आणि घरी सोडल्यावर चोवीस तास कोणीतरी तुमच्याबरोबर राहायला हवं. नाहीतर आम्ही सोडत नाही."

मी वैशालीचं नाव दिलं. वैशाली माझी मैत्रीण, अवोन्डेलला राहते. आम्ही एकाच वर्षी या देशात आलो. रविवारच्या बाजारात मेथी दिसली तर माझ्यासाठी जुडी घेऊन ठेवणारी बाई. नाव दिलं म्हणजे तिला सांगणं आलं. गाडीत बसूनच फोन केला.

ती म्हणाली, "सईला कळवलंस?"

"नाही. आणि तूही कळवायचं नाही. तिची नोकरी नवी आहे."

"दोन वर्षं झाली तिच्या नोकरीला."

"वैशाली, ऐक माझं."

दोन दिवसांनी मी हॉस्पिटलला फोन करून ऑपरेशनची तारीख पुढे ढकलली. कारण विचारलं, तेव्हा 'वैयक्तिक' म्हटलं. संध्याकाळी वैशालीला तसं सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि तिने फोन ठेवला. पंधरा मिनिटांत परत तिचाच फोन.

"मी सईला सांगितलं. काय शिव्या द्यायच्या त्या दे."

मी दिल्या. तिने सगळ्या ऐकून घेतल्या.

"झालं? आता माझं ऐक. मागच्या वेळी तू सांगितलंस म्हणून मी तोंड बंद ठेवलं. श्रीकांत भाऊजींच्या दिवसांत ती पोर मला विचारत होती, मावशी, तुला माहीत होतं का? मला तिच्याकडे बघवत नव्हतं. पुन्हा नाही. माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस, मेथी दारात ठेवून जाईन."

शनिवारी सकाळी सई टौरंगाहून गाडी चालवत आली. जँडल्स, म्हणजे रबरी चपला, दारात भिरकावल्या आणि थेट स्वयंपाकघरात. ती माझ्याशी इंग्रजीतच बोलते. तिचं बोलणं इथे मी बरंचसं मराठीत लिहिते आहे, पण पहिलं वाक्य तसंच ठेवते.

"यू डोन्ट गेट टू डू धिस ट्वाइस, आई."

मी म्हटलं, "आधी बस. खाल्लंस का काही?"

"मी दिवसभर अनोळखी लोकांना त्यांच्या गोळ्या समजावून सांगते. त्यांच्या बायकोचा आजार, आईचा आजार, सगळं मला माहीत असतं. आणि माझ्या आईला कॅन्सर आहे, हे मला वैशाली मावशी सांगते. पार्किंगमध्ये उभी होते मी."

"तुला त्रास नको म्हणून."

"बाबा गेले त्या आठवड्यातला पेपर मला अजून पाठ आहे. प्रश्न तिसरा काय होता तेही सांगते. बाबांशी शेवटचं काय बोलले, ते आठवत नाही. कारण ते शेवटचं आहे, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं."

ही गोष्ट ती अडीच वर्षांत पहिल्यांदा बोलली होती. मी आवाज चढवला. म्हटलं, तुझ्या बाबांना मी उचलून बाथरूमला नेत होते, माझं काय झालं ते विचारलंस कधी? ती म्हणाली, कशी विचारणार, तू सांगतेस कुठे? हे बराच वेळ चाललं. शेजारच्या बाईने खिडकी लावून घेतली.

मग सईचं लक्ष फ्रिजवरच्या कागदाकडे गेलं. देवनागरी तिला सावकाश वाचता येते. बोट ठेवून ती सगळी उजवी बाजू वाचून गेली. डाव्या बाजूच्या कोऱ्या जागेवरूनही तिचं बोट खालपर्यंत गेलं.

"ही लिस्ट नाहीये," ती म्हणाली. "धिस इज यू सल्किंग."

मला जिव्हारी लागलं, कारण ते बरोबर होतं. मी देवावर, श्रीकांतवर आणि त्या घड्याळवाल्या डॉक्टरवर रुसून बसले होते, आणि रुसण्यासाठी मरायला निघाले होते. ट्रक उशिरा आला म्हणून कोणी गोदाम बंद करत नाही. सोमवारी आठ वाजता मी हॉस्पिटलला फोन केला. बारा एप्रिलची तारीख मिळाली. सईने रजा टाकली. मला विचारलं नाही, कळवलं.

बारा तारखेला सकाळी सात वाजता हजर: मी, सई, आणि नको म्हटलेलं असूनही वैशाली. सईने फोनमध्ये डॉक्टरांसाठी सतरा प्रश्न लिहून आणले होते, क्रमांक घालून. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून कुठलं इंजेक्शन, किती दिवस, कोण देणार. डॉक्टरांनी सतराही उत्तरं दिली आणि मला म्हणाल्या, "ही तुमचीच मुलगी दिसते."

ऑपरेशनच्या खोलीत फार थंडी असते, हे आधी माहीत असलेलं बरं. मागितलं तर गरम पांघरूण देतात, मागा. भूलतज्ज्ञांनी नाकावर मास्क ठेवला आणि चांगल्या आठवणीचा विचार करा म्हणाले. मला एकही आठवण वेळेवर सापडली नाही. तोंडात स्तोत्र आलं. मी बोलावलं नव्हतं. अडीच वर्षांत म्हटलं नव्हतं. तिसऱ्या ओळीपर्यंत पोचले असेन, मग पुढचं काही आठवत नाही. खूण करायला हातात पेन नव्हतं, आणि एकवीसही व्हायचे नव्हते.

जाग आल्यावर आधी खांदा दुखला. पोटात भरलेल्या गॅसमुळे तो दुखतो, घाबरू नका. तिसऱ्या दिवसापासून चालायचं, पत्रपेटीपर्यंत आणि परत. सहा आठवडे किटलीपेक्षा जड काही उचलायचं नाही. रिपोर्टला तीन आठवडे लागले, आणि ऑपरेशनपेक्षा ते तीन आठवडे वाईट. लोकांचे निरोप येत होते: पॉझिटिव्ह राहा, हळद घ्या, देवाची इच्छा. मी पॉझिटिव्ह वगैरे काही राहिले नाही. वैशाली डबा घेऊन आली की आम्ही दोघी मिळून त्या निरोपांना नावं ठेवायचो. त्याने बरं वाटायचं.

रिपोर्ट आला. स्टेज एक, ग्रेड एक. म्हणजे रोग गर्भाशयाच्या बाहेर गेलेला नव्हता आणि हळू वाढणारा होता. रेडिएशन नको. पाच वर्षं ठरावीक वेळाने तपासणी. डॉक्टर म्हणाल्या, "आणखी उशीर झाला असता तर आपण वेगळं बोललो असतो." हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे.

त्या संध्याकाळी मी सईला गॅरेजमधून डबा आणायला सांगितला, मला उचलायचं नव्हतं म्हणून. देव धुतले, ओट्याशेजारच्या फळीवर ठेवले. राग गेला आहे असं नाही. श्रीकांतचा हिशोब देवाने मला दिलेला नाही आणि मी तो विचारायचं सोडलेलं नाही. पण सकाळी स्तोत्र म्हणते, एकदाच, तक्ता न करता. कधी चहा उकळेपर्यंत अर्धंच होतं. तेवढं चालतं.

आज जून २०१९. या महिन्यातली तपासणी ठीक निघाली. विभागातल्या नर्स, दुर्बीण धरणाऱ्या डॉक्टर, माझा शब्द मोडणारी वैशाली, या सगळ्यांची मी ऋणी आहे. सईचं आणि माझं दर आठवड्याला भांडण होतं, खरंखुरं, हवामान सोडून. तिच्या अटीप्रमाणे माझ्या प्रत्येक तपासणीचा निकाल तिला त्याच दिवशी कळतो. घरात आजार आला की मुलांपासून लपवू नका, हे मी आता भेटेल त्याला सांगते.

आणि एक राहिलं आहे. माझ्या सासूबाई पुण्याला असतात, वय चौऱ्याऐंशी. श्रीकांतचा आजार त्यांनाही शेवटच्या दिवशीच कळला होता. ऑपरेशननंतरच्या रविवारी त्यांनी फोनवर विचारलं, "आवाज बारीक का गं?" आणि मी सर्दी म्हटलं. सई समोर बसली होती. तिने डोळे मिटून घेतले, बस. त्याला दोन वर्षं झाली. मध्ये दोनदा पुण्याला जाऊन आले, तेव्हाही नाही.

मागच्या रविवारी सासूबाई सईला सांगत होत्या, "माझ्या मुलाने मला काही कळू दिलं नाही. पण तुझी आई तशी नाही हो. ती मला सगळं सांगते."

आजच्या यादीत सहा कामं होती. पाच झाली. सहावं, सासूबाईंना सांगणे. पुण्यात आत्ता सकाळचे नऊ वाजले आहेत, म्हणजे त्यांची पूजा आटोपून त्या फोनजवळ येऊन बसल्या असतील.