नको म्हणायचं बटण

दाताच्या डॉक्टरांकडे आमचा नंबर यायला वेळ होता, म्हणून माझी आत्या मोबाइलवर रंगीत गोट्या जुळवायचा खेळ खेळत बसली होती. ती हरली, तेव्हा पडद्यावर मोठं हिरवं बटण लखलखलं: पैसे भरा आणि पुढे खेळा. त्याखाली मुंगीएवढ्या करड्या अक्षरांत दुसरा पर्याय होता: नको, मला हरायलाच आवडतं.

आत्याने चष्मा सारखा करून ते दोनदा वाचलं.

"मला हरायला आवडतं, हे यांना कोणी सांगितलं?"

"तसं लिहिलं की माणसं लाजेखातर पैसे भरतात," मी म्हणालो.

मला त्या वाक्याची किळस आली. कुठल्याशा गारेगार ऑफिसात एखादा शिकलासवरलेला माणूस ते घडवत बसला असेल, आणि जमलं म्हणून त्याची पाठही थोपटली गेली असेल. आमची भाजीवाली नको म्हणणाऱ्या गिऱ्हाइकालाही "बरं, उद्या या" म्हणते. या लोकांना तेवढं सौजन्यही परवडत नाही.

आत्याने खेळ मोबाइलवरून काढून टाकला. तिच्या दोनशे लेव्हल पार झाल्या होत्या.

"वाईट नाही वाटलं?" मी विचारलं.

"वाटलं ना. खेळ चांगला होता," ती म्हणाली. "विकणारे हलके निघाले."