एका बाजूचा उजेड

नवसाबाई रोज सकाळी दुधाचा एक थेंब अंगठ्याच्या नखावर घेई आणि नख तिरकं करून तो कसा ओघळतो ते बघे. गवळी तोवर दारात ताटकळत उभा.

"काकू, इतकी वर्षं झाली, अजून विश्वास नाही?"

"माणूस जुना असला तरी दूध रोज नवं असतं रे," ती म्हणे.

रविवार कारंजाजवळ तिचं सुतळी-गोणपाटाचं दुकान होतं. नवरा गेल्यावर तिनंच ते सांभाळलं. तिचा चटकन कुणावर विश्वास बसत नसे. एकुलता एक मुलगा खंडेराव कामाला वाघ, पण डाव्या डोळ्यात पांढरं फूल पडलेलं. तो डोळा पाहून आलेली स्थळं परत जात. म्हणून १९३३च्या उन्हाळ्यात ती त्याला फोटोवाल्या नजीरभाईकडे घेऊन गेली.

नजीर पूर्वी मनमाड स्टेशनात दिवे पुसायचा. फोटो काढायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं. फोटोच्या काचा नासवत नासवत तो शिकला. खोली बंद करून तो कॅमेऱ्याची टोपी काढी, माणसाला अगदी निश्चल बसवी आणि हातातला दिवा चेहऱ्याजवळून हळूहळू फिरवी. दिवा जिथे रेंगाळे तिथे चेहरा उजळे, जिथे जात नसे तिथे अंधार. खंडेरावाच्या डाव्या बाजूला दिवा गेलाच नाही. तरीही काचेवर, जिथे पांढरं ते काळं उमटतं, फुलाचा बारीक काळा ठिपका आलाच. नजीरनं तो सुरीच्या टोकानं खरवडला. नवसाबाई शेजारी उभी होती.

"जरा आणखी," ती पुटपुटली.

फोटो दिंडोरीला गेला आणि तिकडून मुलीचा आला. चंद्रभागा नाकीडोळी नीटस होती. नवसाबाईनं ओला अंगठा फोटोवर घासून पाहिला. काही निघालं नाही. मग ती फोटो घेऊन खिडकीशी गेली. मुलीचा उजवा गाल अंधारात होता. तो अंधार तिच्या ओळखीचा होता.

ती तडक नजीरकडे गेली. "हा फोटो तुमच्या हातचा?"

"माझ्याच."

"काय झाकलंय? काच दाखवा मला."

"दाखवतो, मावशी. मग खंडेरावांची काच मुलीकडच्यांनाही दाखवावी लागेल. मुलीची आई कालच येऊन गेली."

"मग? काय सांगितलंत?"

"तुम्हाला सांगितलं तेच."

नवसाबाई घरी आली ती दुप्पट धास्तावून. स्थळ मोडलं तर खंडेराव असाच राहणार. जुळवलं तर काय पदरात पडेल, कोण जाणे.

दिंडोरीला तिनं खंडेरावाला मुद्दाम डावी बाजू भिंतीकडे करून बसवलं. चंद्रभागा चहा घेऊन आली तीही उजव्या गालावर पदर ओढून. दोन्हीकडची माणसं पावसापाण्याचं बोलत, माना वाकड्या करकरून एकमेकांकडे पाहत होती. चहा निवला. नवसाबाईला राहवेना. मुलीचं झाकलेलं बघायचं तर आपलंही दाखवावं लागणार, एवढं तिला कळलं.

"खंडू, ऊठ. खिडकीपाशी बस," ती म्हणाली. "बघून घ्या. डोळ्यात फूल आहे त्याच्या."

खंडेराव उजेडात जाऊन बसला. चंद्रभागेनं त्याच्याकडे नीट पाहिलं, मग स्वतःच पदर मागे सारला. गालापासून गळ्यापर्यंत कातडी आक्रसली होती.

"लहानपणी भाजलंय," ती म्हणाली.

तिची आई साळूबाई हळूच बोलली, "आम्हाला वाटलं, नजीरभाईचा दिवाच कमी पडला."

पहिल्यांदा हसला तो खंडेराव.

लग्न झालं. नवसाबाईचा स्वभाव काही बदलला नाही. सोनार, पोस्टमन, पंचांग, सगळ्यांवर तिचा संशय कायम राहिला. पण दुकानाच्या किल्ल्या वर्षाच्या आत चंद्रभागेच्या कमरेला आल्या.

सदतीस सालच्या थंडीत नवसाबाईचा ताप छातीत उतरला. वैद्यानं पुडी दिली. चंद्रभागेनं ती मधात कालवायला घेतली, तशी नवसाबाईनं तिचा हात धरला.

"आधी तू हुंगून बघ गं. तू बरी म्हणालीस, तर घेते."