ब्रेकताईंची एकटीची गिटार

मोटार शिकवणाऱ्या त्या बाईंना सगळे ब्रेकताई म्हणायचे. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. त्यावरचा ताईंचा पाय कधी हलला ते कुणाला कळायचं नाही, गाडी मात्र बरोब्बर थांबायची. पहिल्या दिवशी जीव मुठीत धरून आलेली माणसं त्यांच्या हाताखाली भर बाजारातून गाडी काढायला लागायची. गाडी आपल्याला येते आणि गिटार आपल्याला येते, हे ताई एकाच सुरात सांगायच्या. बढाई वाटायची खरी, पण दोन्ही गोष्टी सोळा आणे खऱ्या होत्या.

गिटार त्या बोटांनी नाही, पिकने वाजवायच्या, म्हणजे चिमटीत धरायच्या त्या तिकोनी चकतीने. शिकवणीच्या गाडीतल्या खणात कागदपत्रांपेक्षा या चकत्याच जास्त सापडायच्या. दर शनिवारी संध्याकाळी चौकातल्या रेस्टॉरंटमध्ये ताई चाल वाजवायच्या आणि त्यांचे यजमान दुसऱ्या गिटारवर कॉर्डची, म्हणजे एकदम छेडलेल्या तीन-चार सुरांची, साथ द्यायचे. यजमानांचं किल्ल्या बनवायचं दुकान होतं, म्हणून ते किल्लीकाका. घरात एरवी कोण कोणाच्या साथीला असायचं ते विचारू नये, पण शनिवारी दोघांचं छान जमायचं.

मग काकांच्या डाव्या हाताची दोन बोटं आखडली. ऑपरेशन झालं, किल्ल्या घासण्यापुरता हात परत आला, पण तारा दाबणं डॉक्टरांनी कायमचं बंद केलं.

रेस्टॉरंटचे मालक हळहळले आणि त्याच दमात तोडगाही काढून मोकळे झाले. त्यांच्या भाच्याकडे ताल धरणारं यंत्र होतं.

"यंत्राबरोबर फिरायला मी काय मिक्सरचं पातं आहे?" ताई म्हणाल्या. "मी एकटी वाजवीन."

"एका गिटारवर अख्खी संध्याकाळ? लोकांना वाटेल, अर्धी लाइट गेलीय."

"एक शनिवार द्या. नाही जमलं तर मीच यायचं बंद करते."

ताई बोलून बसल्या. आता तो शनिवार हातचा गेला तर पुढचे सगळेच गेले.

घरी वाजवायला घेतलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपल्या वाजवण्याला खड्डे पडलेत. चालीची ओळ संपली की हात आपोआप थांबायचा. इतकी वर्षं तिथे काकांची कॉर्ड यायची, हाताला तेच वळण लागलेलं. पहिल्या खड्ड्यात काकांनी स्वयंपाकघरातून तोंडानेच कॉर्ड टाकली, "झँग!" दोघं पोट धरून हसली. पुढच्या ओळीनंतर मात्र काका गप्प राहिले. ताईंना ते फार लागलं.

"बोटांनी वाजव की," काकांनी एकदा सुचवलं. "पाच आहेत, कामं वाटून घेतील."

"पाच जणांच्या मागे लागून काम करून घेण्यापेक्षा एकटीनं केलेलं परवडलं. तुमच्या एकट्याच्या मागे लागूनच माझा घसा बसलाय."

उपाय सापडला तो गाडीत. शिकायला आलेल्या एक नर्सबाई क्लच, गिअर आणि आरसा यांच्यात गोंधळून रडकुंडीला आल्या होत्या. ताई सवयीनं म्हणाल्या, "अहो, एकदम काही करायचंच नसतं. एकामागून एक करायचं. बघणाऱ्याला वाटतं, सगळं एकदम झालं." आणि स्वतःच्याच बोलण्यावर त्या चमकल्या.

घरी जाऊन त्यांनी तेच केलं. जाड तारेवर एक ठोका द्यायचा आणि ती घुमत ठेवायची. ती घुमतेय तोवर बारीक तारांवर चाल वाजवायची. ओळ संपली की चकती मधल्या तारांवरून झरकन फिरवून कॉर्ड घ्यायची. एका वेळी एकच गोष्ट, पण आधीचा आवाज विरायच्या आत पुढची. नाचाची धून जमली, अंगाई जमली, ब्लूजचं रडगाणं जमलं. जॅझनं नाकी नऊ आणले, पण तेही वठणीवर आलं.

खड्डे बुजत गेले. शुक्रवारी जेवताना काका म्हणाले, "छान वाजवतेस. माझ्यावाचून काडीचंही अडत नाही. म्हणजे इतकी वर्षं मी नुसती खुर्ची अडवून बसलो होतो."

"वाटेल ते बोलू नका."

"खोटं आहे का? उद्या मी येत नाही."

ताई उठून ताटं गोळा करू लागल्या. राग आला होताच, पण त्याहून जास्त भीती वाटत होती. उद्या आपण जिंकलो तर हा माणूस हरणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

शनिवारी त्यांनी एकटीनं मैफल मारून नेली. नाचाच्या धुनेवर वेटरही ठेक्यात चालायला लागले. ब्लूज सुरू झालं तसे लोक चमचे खाली ठेवून ऐकू लागले. मालकांनी भाच्याला यंत्र घरी घेऊन जायला सांगितलं. तेवढ्यात दारातून काका आत आले. गर्दीत जागा मिळेना, म्हणून अगदी पुढच्या टेबलावर एका अनोळखी गृहस्थांशेजारी अंग चोरून बसले.

शेवटची चाल संथ होती, दोघांनी मिळून बसवलेली. तिच्या तिसऱ्या ओळीनंतर काकांची कॉर्ड नेहमी जराशी उशिरा यायची. सुरुवातीला त्यावरून कडाक्याची भांडणं झाली. पुढे ताई ओळीचा शेवटचा सूर त्यांच्यासाठी लांबवून धरू लागल्या, आणि लोकांना नेमकी तीच जागा आवडू लागली. या सरावात काका दुकानात असताना ताईंनी तो उशीर काढून बघितला होता, पण चाल कोरडी ठाक पडली. म्हणून काकांना न सांगता त्यांनी तो तसाच ठेवला होता.

तिसरी ओळ संपली. ताईंनी सूर लांबवला, वाट पाहिली आणि कॉर्ड घेतली, उशिरा. काकांची मान झटकन वर आली.

"बाई एकट्याच वाजवतायत," शेजारचे गृहस्थ त्यांच्याकडे झुकून म्हणाले, "पण ऐकताना वाटतं, दोघं आहेत."

"दोघंच आहेत," काका म्हणाले, ताईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "तो उशिरा येतो ना, तो मी."