पाणलोटापलीकडचं सासर

माझ्या आत्याच्या यजमानांइतका एका जागी बसलेला माणूस जबलपुरात दुसरा नव्हता, आणि माणसांच्या स्थलांतरावर त्यांच्याइतकं बोललेला माणूस अख्ख्या मध्यप्रांतात नव्हता. आम्ही त्यांना आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मामाजी म्हणत असू. ते एका शाळेत भूगोल शिकवत. पृथ्वीवरचे सगळे महासागर त्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या पोरांना पाठ करून दिले आणि स्वतः समुद्र कधी पाहिला नाही. कुणी याबद्दल छेडलं तर म्हणत, "खगोल शिकवणारे काय सूर्यावर जाऊन येतात?" घमापूर मोहल्ल्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत एक खुर्ची होती, तीही खिडकीकडे पाठ करून ठेवलेली. जगाचा नकाशा समोरच्या भिंतीवर असल्यामुळे खिडकीबाहेर पाहण्याची त्यांना गरज वाटत नसे.

त्यांच्या मते जगात चारच गोष्टी होत्या: भूमी, लोक, राज्य आणि स्थलांतर. पाचवी सांगणारा माणूस एक तर खोटं बोलतो किंवा धर्मोपदेशक असतो. घरात काहीही घडलं की ते प्रथम कोणत्या खात्यात मोडतं हे ठरायचं, मग उपाय. छत गळलं तर भूमी. शेजारीण भांडली तर लोक. एकदा आत्या स्वयंपाकघरातून ओरडली की मीठ संपलं, तर हे खुर्चीवरून गंभीरपणे म्हणाले, "हा प्रश्न राज्याचा आहे." आत्या दारात येऊन उभी राहिली. "मीठ संपलं म्हणून सांगून राहिली मी. राज्य संपलं म्हणून नाही सांगितलं. पिशवी घ्या अन्‌ जा." मामाजी पिशवी घेऊन गेले. स्वयंपाकघर हे संस्थान असून तिथे आपण फक्त रेसिडेंट आहोत, हे त्यांना मान्य होतं. संस्थानाची मर्जी गेली तर रेसिडेंटाला जेवण मिळत नाही, एवढा राज्यशास्त्राचा अनुभव त्यांनी घरबसल्या मिळवला होता.

मात्र त्यांचा जीव होता तो चौथ्या गोष्टीत. समोर आलेला माणूस मुळात कुठला, हे कळल्याशिवाय त्यांना त्याच्याशी बोलता येत नसे. एकदा दूधवाल्याला त्यांनी ओसरीवर अडवलं. "भैया, तुम किधर से आए?" तो म्हणाला, "घर से आए, गुरुजी. दूध लाए हैं." "वैसा नहीं. तुम्हारे बाप-दादे किधर से आए?" दूधवाल्याने डोक्यावरचं भांडं खाली ठेवलं, थोडा विचार केला आणि म्हणाला, "भैंस जिधर गई, हम भी चले आए." मामाजी हे उत्तर महिनाभर सांगत होते. त्यांच्या मते स्थलांतराची याहून चांगली व्याख्या कुठल्याच पुस्तकात नव्हती. त्यांचे स्वतःचे पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर हिशेबनीस म्हणून नर्मदेकाठी आले होते, चार महिन्यांसाठी. "सगळी स्थलांतरं चार महिन्यांसाठीच असतात," ते म्हणत. "बांधाबांध करताना प्रत्येक जण परत येतो म्हणून सांगतो. गेलेला माणूस परत येत नाही. पाणी चढावर चढतं काय?"

याच चौथ्या गोष्टीने त्यांची मुख्याध्यापकी घालवली. त्या काळी उन्हाळा लागला की प्रांताचं सरकार नागपुराहून पचमढीला जाई. गव्हर्नरसाहेब, त्यांचे फायलींचे पेटारे, पट्टेवाले, घोडे, खानसामे, सगळा लवाजमा डोंगर चढायचा आणि पाऊस पडला की उतरायचा. मामाजींनी वर्गात शिकवलं होतं की ऋतूप्रमाणे कुरणं बदलत डोंगर चढणाऱ्या-उतरणाऱ्या लोकांना भटके म्हणतात. परीक्षेत अशा भटक्या लोकांची उदाहरणं विचारली, तेव्हा निम्म्या वर्गाने लिहिलं, बंजारे आणि मध्यप्रांताचं सरकार. नेमके त्याच वेळी तपासणीला मोठे साहेब आले होते. त्यांनी ते वाचलं आणि मामाजींना बोलावून विचारलं की हे उत्तर तुम्ही बरोबर धरलंत? मामाजी म्हणाले, "अर्धे मार्क दिले, साहेब. बंजारे जाताना मीठ आणि धान्य वाहून नेतात. सरकार काय नेतं, ते पोरांनी लिहिलं नव्हतं." साहेब हसले नाहीत. साहेबांना हसण्याचा पगार नसतो. त्यानंतर मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर मामाजींहून धाकटी माणसं येऊन बसत राहिली, आणि मामाजी आपल्या खुर्चीत, खिडकीकडे पाठ करून.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण त्यांनी भूगोल मुलीच्या लग्नात आणला आणि मग घरातलं हसू संपलं.

त्यांची धाकटी मुलगी कुसुमताई माझ्याहून थोडी मोठी. सावळी, उंच, बोलायला सडेतोड. जबलपुरात मराठी घरं थोडी, त्यातली निम्मी एकमेकांच्या नात्यातली, त्यामुळे मुलींची लग्नं ठरायची ती नागपूर-वऱ्हाडाकडे. पहिलं स्थळ नागपूरचंच आलं. मुलगा कचेरीत, घर चांगलं, पत्रिका जुळलेली. मामाजी उठून नकाशापाशी गेले आणि वेताची छडी सातपुड्यावर ठेवून म्हणाले, "जमणार नाही. आपलं पाणी नर्मदेतून अरबी समुद्राला जातं. नागपूरचं पाणी कन्हान, वैनगंगा, गोदावरी करत बंगालच्या उपसागराला जातं. पाणलोट ओलांडून मुलगी द्यायची नाही." मध्यस्थ बिचारा आपल्या टोपीकडे पाहत बसला. वर्ध्याचं स्थळ आलं, तेही उपसागरात गेलं. कुणीतरी म्हणालं, मग उत्तरेला बघा, कटनीला एक चांगलं घर आहे. कटनीचं पाणी सोन नदीला, सोन गंगेला, आणि गंगा पुन्हा त्याच उपसागराला. मामाजींनी छडी आपटली. शेवटी अकोल्याचं स्थळ आलं तेव्हा आत्याने देवापुढे साखर ठेवली, कारण मोर्णा, पूर्णा, तापी अशी नावं घेत मामाजींची छडी बिनतक्रार अरबी समुद्रापर्यंत पोचली होती. पण चहा पिता पिता मुलाच्या काकांनी सांगितलं की मुलगा नोकरीला नागपुरात आहे. मामाजींनी कप खाली ठेवला. "भूमी ठीक आहे," ते म्हणाले. "पण स्थलांतर झालं."

गावात लोक हसत. भेटला की कुणी विचारायचं, काय मास्तर, जावई पोहत येणार का? काही म्हणत, मुलीत खोट असेल, बाप नद्यांची नावं पुढे करतो. ही कुजबूज कुसुमताईच्या कानावर यायची. ती दुपारी पापड लाटत बसायची आणि कुणाशी बोलायची नाही. आत्याला दम्याने धरलं होतं, आणि मुलगी उजवल्याशिवाय आपण जाणार, या विचाराने ती आणखी धापा टाकायची. वर्षं जात होती. आता स्थळंही विधुरांची येऊ लागली होती.

एका संध्याकाळी मी आत्याला औषध द्यायला गेलो होतो. मामाजी शाळेतून यायचे होते. मी चिडून म्हणालो, "आत्या, हे नदीचं खूळ त्यांच्या डोक्यातून काढत काहून नाहीस तू?"

आत्या भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "खूळ नाही रे ते. तुले थोरली आठवते?"

थोरली म्हणजे कुसुमताईची मोठी बहीण. मी लहान असताना ती नागपूरच्याही पलीकडे चांद्याला दिली होती आणि बाळंतपणात गेली, इतकंच मला ठाऊक होतं.

आत्या थांबत थांबत सांगू लागली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मामाजी तिला आणायला चांद्याला गेले होते. सासरच्यांनी मुहूर्त नाही म्हणून पाठवलं नाही, पुढच्या महिन्यात पाठवतो म्हणाले. मामाजी ओसरीवर बसले होते. थोरली आतून पाणी घेऊन आली. आता आपल्यात रीत अशी की मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणीदेखील घ्यायचं नाही. तिलाही हे माहीत होतं. तरी ती पेला पुढे करून उभी राहिली आणि म्हणाली, बाबा, उन्हातून आले, एक घोट घ्या. "हे म्हणाले, आता नाही बाई. नातू मांडीवर घेतो अन्‌ मग तुझ्या हातचं पितो. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली अन्‌ पेला आत घेऊन गेली." आत्याने पदर तोंडाला लावला. "मग चांद्याहून आली ती तिच्या जाण्याची बातमीच. लेकरूही नाही राहिलं. तेव्हापासून हे त्या नकाशासमोर बसून राहिले."

एवढी वर्षं त्या छडीकडे पाहून मी गालातल्या गालात हसत आलो होतो. माणूस ज्या दिशेला पुन्हा जाऊ शकत नाही, त्या दिशेला तो एखादी सरहद्द आखून ठेवतो, आणि मग सरहद्दीची कारणं शोधायला भूगोल कधीच कमी पडत नाही. राज्यंही असंच करतात, फक्त त्यांच्याकडे तोफा असतात.

नागपूरचं ते पहिलं स्थळ अजून मोकळं होतं, कारण मुलाच्या आईच्या मृत्यूने लग्न लांबलं होतं. मुलाच्या चुलतीने, जिच्या हाती आता ते घर होतं, पुन्हा विचारणा केली. मामाजी छडी घेऊन उठले. तेवढ्यात कुसुमताई स्वयंपाकघरातून बाहेर आली. हाताला पीठ होतं.

"बाबा, मी नदी आहो काय?"

मामाजी थांबले.

"मी बाई आहो. गाडीत बसून जाईन अन्‌ गाडीत बसून येईन. पाणी परत नसेल येत. मी येईन."

"थोरलीही असंच म्हणाली होती," मामाजी म्हणाले. थोरलीचं नाव त्यांच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"मग मले इथंच ठेवा," कुसुमताई म्हणाली. "अन्‌ आई गेल्यावर तुमची भाकरी थापत बसते. तेही स्थलांतरच आहे, बाबा. ओसरीतून चुलीपाशी." ती आत गेली. पोळपाटाचा आवाज पुन्हा सुरू झाला. मामाजींनी छडी खुंटीला अडकवली आणि मला म्हणाले, "नागपूरची गाडी सकाळी किती वाजता असते रे?" स्थानिक वेळ आणि प्रमाण वेळ यांवर तासभर बोलणाऱ्या माणसाला गाडीची वेळ माहीत नव्हती.

लग्न मार्गशीर्षात जबलपुरातच साधेपणाने झालं. पाठवणीच्या वेळी मामाजींनी जावयाला सातपुड्याची उंची सांगितली. दुसरं काय बोलावं, ते त्यांना सुचत नसावं. पुढे चारेक महिन्यांनी आत्याने त्यांना नागपूरला पिटाळलं आणि सोबत मला दिलं. माझी आत्या त्यानंतर फार दिवस राहिली नाही, पण मुलगी कशी आहे हे तिला नवऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं. मामाजी घराबाहेर पडले ते फिरकीच्या तांब्यात नर्मदेचं पाणी भरून. रीत पाळायची, तर वाटेत आणि तिकडे प्यायचं पाणी आपण सोबत न्यायला हवं. छोट्या रुळांवरची ती गाडी साजाच्या झाडांतून सातपुडा चढू लागली. मामाजी खिडकीशी बसले होते, आणि या वेळी बाहेर पाहत होते. घाट सरून उताराला लागल्यावर एका कोरड्या नाल्याकडे बोट करून ते म्हणाले, "हा तिकडे जाणारा." नागपूरच्या स्टेशनवर उतरल्यावर त्यांनी तांब्याची फिरकी उघडली आणि उरलेलं पाणी उभ्यानेच पिऊन टाकलं.

नागपुरातल्या महाल भागात घर होतं. चुलतसासूबाईंनी अगत्याने बसवलं. कुसुमताई बाहेर आली. थोडी वाळली होती, पण डोळे हसत होते. तिने माझ्यापुढे गूळ आणि पाण्याचा पेला ठेवला. वडिलांपुढे तिने काही ठेवलं नाही. नुसता नमस्कार करून बाजूला उभी राहिली. तिला मूल व्हायचं होतं अजून, आणि बापाला पाणी विचारून अवघडवू नये, एवढी समज तिला होती.

मामाजी म्हणाले, "माझं कुठाय?"

चुलतसासूबाई गडबडल्या. "अहो व्याही, अजून हिचं काही... आमची ना नाही, पण तुमच्याकडे चालतं काय?"

"चालतं," मामाजी म्हणाले.

कुसुमताई आत गेली. पेला भरून घेऊन आली आणि त्यांच्या हातात दिला. मामाजींनी तो घटाघटा संपवला, मिशा पुसल्या आणि भूगोलाच्या मास्तराला शोभेल अशा आवाजात म्हणाले, "पाणी जरा जड आहे."

"विहिरीचं आहे, बाबा," ती म्हणाली.

"असू दे." त्यांनी पेला पुन्हा पुढे केला. "आणखी एक आण."

तिने आणला. आता त्यांना तहान उरली नव्हती, हे मला दिसत होतं. पेला दोन्ही हातांत धरून, मान खाली घालून, ते एकेक घोट सावकाश पीत राहिले, तळ दिसेपर्यंत.