मोठ्या हापिसाची काळी काच

सांगायला लाज वाटती, पण चहा तुमीच सांगितलाय, मग ऐका. लोक दुसऱ्याच्या डोळ्यात धूळ फेकतात. मी माझ्याच फेकली, आन त्यासाठी खास बीडला गेलतो.

मी दिंद्रुडचा पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरवरची नावं, निवडणूक आली की भिंती. तेलगावच्या रस्त्याला माझं छोटं दुकान, पण काम सगळं बाहेर, उघड्यावर. आन पाटी रंगवताना बघायला माणूस थांबला न्हाई, असं आपल्याकडं झालंय का कधी? त्याला अक्षर येवो न येवो, तो सांगणार, "पेंटर, काना वाकडा झाला."

या सगळ्यांचा म्होरक्या म्हणजे मन्मथआप्पा. समोर त्यांचं किराणा दुकान. कपाळावर भस्माचे तीन पट्टे आन बसायला माझा रिकामा रंगाचा डबा. गिऱ्हाईक आलं तर इथूनच ओरडून सांगायचे, साखर आतल्या पोत्यात हाय, घ्या काढून. पण डबा सोडायचे न्हाईत.

माझी बायको शांता जाऊन तीन वर्षं झालती. लेक परभणीला दिलेली. घरी गेलं की कुलूप, आन कुलूप काढलं की आत कोण न्हाई. जेवताना मी दिवसभर रस्त्यावर ऐकलेल्या गप्पा आठवायचो, तेवढीच सोबत.

गावात तवा पिवळे एसटीडी बूथ नवेनवे आलते. घरांवरनं केबलच्या तारा गेलत्या. बीडात लग्नपत्रिका कॉम्प्युटरवर निघायला लागल्या. जो तो म्हणायचा, पेंटर, ब्रश आता देव्हाऱ्यात ठिव. मी माजलगावला महिनाभर क्लास केला आन एक दिवस आप्पांना घेऊन बीडला गेलो, कॉम्प्युटर आणायला.

दुकान सगळं काचेचं, आत थंडगार. दुकानदार टाय लावलेला. त्यानं साधं विचारलं, काम काय करता? इथं माझी मती फिरली बघा. नखांत लाल ऑइलपेंट, शर्टावर हिरव्याचे डाग. मी दोन्ही हात खिशात घातले आन म्हणलं, "हापिस हाय आपलं. लई मोठं हापिस."

"असं कावून म्हणतो रं?" आप्पा म्हणाले. "पेंटर हायस की तू."

मी त्यांच्या पायावर पाय दिला.

दुकानदार म्हणाला, हापिसाला चौदा इंची मॉनिटर बास झाला. मोठा घेण्यापेक्षा मेमरी वाढवा, मशीन पळल. पण पेंटरला भिंत मोठी लागती, हे हापिसवाल्यानं कसं सांगायचं? मी म्हणलं, सतरा इंचीच द्या, आमच्या हापिसात माणसं लई हायत, सगळ्यांना दिसलं पायजे. माणसं कुठली? मी आन आप्पा.

मग तो म्हणाला, दिवसभर आकडे टाइप करणाऱ्यांचे डोळे दुखतात, मॉनिटरवर एक काच लावून घ्या. दोन दाखवल्या, एक फिकी, एक काळी. मी काळी उचलली. लई मोठं हापिस म्हणल्यावर फिकी कशी घ्यायची?

वर त्यानं धुळीची भीती घातली. मी आल्या आल्या दुकानाला दार बसवलं, दाराला जाड पडदा लावला, चपला बाहेर. झालं, गर्दी तुटली. लोक पडदा सरकवून डोकवायचे, मी धूळ धूळ म्हणून ओरडायचो, ते निघून जायचे. एकटे आप्पा चपला काढून आत यायचे. पहिल्या दिवशी त्यांनी मशीनची पूजा केली आन ओल्या बोटांनी त्या काचेवर भस्माचे तीन पट्टे ओढले. मला काय ते आवडलं न्हाई. त्यांच्या माघारी पुसून काढले.

पहिलं काम आप्पांनीच दिलं. त्यांच्या धाकट्या लेकीची, गौरीची लग्नपत्रिका. म्हणाले, "गौरीच्या शाळेच्या पाटीवर पहिला श्री तूच काढून दिलता. पत्रिका बी तूच कर."

बसलो. अक्षराला लाल रंग घेतला, तर तो दिसला वांग्यासारखा. म्हणलं, उजळ करावा. केशरी घेतला तर चिखल. तोबी उजळ केला. तीस वर्षं रंगात गेलेला माझा डोळा, तो काय चुकतो व्हय? मशीन तर असं सुस्त की एक रंग बदलला की मी चहा पिऊन यायचो, तवा कुठं तो बदललेला असायचा. शेवटी आठ दिवसांनी मॉनिटरवर अशी डाळिंबी पत्रिका उतरली की मीच खुश झालो.

फ्लॉपी घेऊन बीडच्या प्रेसला गेलो. प्रेसवाला म्हणाला, एक नमुना छापून दाखवतो, मग पुढचं बघू. मी म्हणलं, सतरा इंचीवर बघितलंय, नमुना कशाला? सरळ छापा. आन परत आलो.

चार दिवसांनी एसटीनं गठ्ठा आला. आप्पांनी फोडला. पत्रिका उलटी केली, सुलटी केली, चष्मा लावला, बाहेर जाऊन उन्हात धरली. अक्षरं होती हो! पण पांढऱ्या कागदावर ताक सांडल्यासारखी.

"पेंटर," ते म्हणाले, "नवरदेवाचं नाव कुठंय?"

त्यांच्या घरची रीत अशी, की पहिली पत्रिका कपिलधारच्या देवापुढं ठिवायची. ही पत्रिका वाचायला देवच पायजे होता.

आन मी काय बोललो असंल? चुकलं म्हणायचं सोडून म्हणलं, "तुमीच केलंय हे, आप्पा. भस्म फासलं तवापासून मशीन बिघडलंय."

आप्पांनी कपाळावरनं एकदा हात फिरवला. गठ्ठा तिथंच ठिवला, आपला डबा उचलला आन रस्ता ओलांडून गेले.

मग चार दिवस कोण आलं न्हाई. सवयीनं दोन चहा सांगायचो आन दोन्ही मीच प्यायचो. मशीनचा पंखा घों घों करायचा, त्याला मी "हां, हां" म्हणायला लागलो. आतापर्यंत मला वाटायचं, एकटेपण घरी असतं, दुकानात नसतं. लई वाईट वाटायचं बघा, पण समोर जायचं तोंड नव्हतं.

पाचव्या दिवशी मॉनिटर मांडीवर घेऊन एसटीनं बीडला गेलो. दुकानदारानं तो जोडला, माझ्या फ्लॉपीतली पत्रिका उघडली आन वरची काळी काच काढून बाजूला ठिवली. खाली तेच, सांडलेलं ताक.

"मॉनिटर ठणठणीत हाय," तो म्हणाला. "ही काच आकडेवाल्यांसाठी. रंगाचं काम करणाऱ्यानं लावायची नसती. पण तुमी तर हापिस म्हणाला होतात."

म्हणजे आठ दिवस मी गॉगल लावून रंगकाम केलतं. आन ज्यानं दुकानात खरं सांगितलं, त्याच्याच पायावर मी पाय दिलता.

परत आलो ते ती चारशे पत्रिकांची थप्पी, लाल रंगाची बाटली आन सगळ्यात बारीक ब्रश घेऊन बाहेर रस्त्यावर बसलो. फिकी अक्षरं एकेक करून गिरवायला लागलो. गौरीनं पाटीवर श्री गिरवला, तसं मी तिचं नाव गिरवत होतो.

पहिल्या दिवशी एसटीची वाट बघणारे दोघं थांबले. दुसऱ्या दिवशी सहा-सात. एकजण म्हणाला, पेंटर, उकार लांबला. माझ्या डोळ्यात पाणीच आलं हो.

तिसऱ्या दिवशी मागं डबा टेकल्याचा आवाज आला. मी मान वर केली न्हाई.

"वेलांटी जाड झाली," आप्पा म्हणाले.

"चुकलं माझं, आप्पा. सगळंच चुकलं."

"मी वेलांटीचं बोलतोय. खाली बघून काम कर."

लग्नात व्याही मंडळींनी पत्रिका हातोहात फिरवली. नवरदेवाचा मामा म्हणाला, कॉम्प्युटरची कमाल हाय, अगदी हातानं लिहिल्यासारखं दिसतं. कुठं केली? आप्पांनी चेहरा जराबी न हलवता सांगितलं, "आमच्या गावात लई मोठं हापिस हाय." मी हात खिशात घातले. नखं लालच होती.

गौरी सासरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत मशीनपुढं बसलोतो, काळी काच काढून. आप्पांनी दुकान उघडलं नव्हतं. घरात बसवंना त्यांना, दुसरं काय? दाराचा पडदा हलला. चपला बाहेर काढलेल्या, हातात डबा, आन आप्पा उंबऱ्यातच थांबलेले.

"साहेब हायत का हापिसात?"

"साहेब न्हाईत," मी म्हणलं. "पेंटर एकटाच हाय. या."