कातडीला ऊन कशाला लागतं

१९७५ च्या डिसेंबरात मी वर्धा स्टेशनावरून निघाले तेव्हा माय रडली नाही. आमच्या गावाहून, आष्टीहून, सगळे एसटीनं पोचवायला आले होते. गाडी हलली तशी ती खिडकीचा गज धरून थोडं चालली आणि एवढंच म्हणाली, "जेवत जाजो व." बाबांनी तोंड फिरवलं. ग्लासगोत नोकरी करणाऱ्या नवऱ्याकडे मी चालले होते आणि मला भीती होती ती फक्त थंडीची.

थंडीला हीटर होता, कोट होता. झालं दुसरंच. पुढच्या वर्षी मला दिवस गेले आणि मांड्या दुखायला लागल्या. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. कठडा धरून स्वतःला वर ओढावं लागे. खाली बसले की उठता येईना. हे म्हणाले, घरची आठवण येत असेल. मलाही तसंच वाटलं. पण बाळाच्या काळजीनं शेवटी सर्जरीत गेले. तिकडे साध्या दवाखान्यालाच सर्जरी म्हणतात.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि विचारलं, उन्हात बसता का? मला हसूच आलं. हे वाचणारे तुम्ही आष्टीकर तरी सांगा, आपल्याकडे मुद्दाम उन्हात बसतं कोण? तरी म्हटलं, सूर्य दिसला की खिडकीशी बसते. त्या म्हणाल्या, काचेतून ऊब येते, पण तुमच्या कातडीला हवे ते किरण काच अडवते.

"कातडीला कशाला हवेत?" मी विचारलं.

त्यांनी खुर्ची जवळ ओढली. कातडीत एक स्निग्ध पदार्थ असतो. ते किरण पडले की त्याचं ड जीवनसत्त्व होतं, पुढे यकृत आणि मूत्रपिंड त्याला पक्कं करतात, आणि मग जेवणातलं कॅल्शियम हाडांना मिळतं; ते कमी पडलं की हाडं दुखतात, मांड्यांतलं बळ जातं. सावळी कातडी तेच किरण बरेच अडवते, म्हणून तिला वेळ जास्त लागतो. त्या ढगाळ गावात, गळ्यापासून घोट्यापर्यंत गुंडाळलेल्या माझ्या कातडीला कामच मिळत नव्हतं.

परतताना बसमध्ये मी हातमोजा काढून मनगट न्याहाळत बसले. कातडी म्हणजे रंग, एवढंच मला ठाऊक होतं. बघायला आलेल्या मंडळींनी 'जरा सावळीच आहे' म्हटलेली कातडी. ती आत काही बनवते, हे कोणी सांगितलंच नव्हतं. त्यानंतर दर भेटीत मी बाईंना काहीतरी विचारायचेच. पुष्कळ वर्षांनी त्यांनी सांगितलं की कातडी हे जीवनसत्त्व नुसतं बनवत नाही, स्वतःही वापरते. तिच्या पेशींची वाढ त्यानं ताळ्यावर राहते, असं आता कळू लागलंय. मला उगाच अभिमान वाटला.

त्या पहिल्या भेटीनंतरच ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू झाल्या. काही महिन्यांत दुखणं गेलं. मीनल झाली, धडधाकट.

ती पाच वर्षांची असताना जानेवारीत आम्ही आष्टीला गेलो. मी तिला बिनबाह्यांचा फ्रॉक घालून अंगणात खेळायला सोडलं. माय ओरडतच आली.

"पोरीले उन्हात काऊन सोडून राह्यली? काळी पडन ना!"

"पडू दे. कातडीले ऊन लागलं का हाडं मजबूत होतात, माय."

"ते तं तान्ह्या लेकराले आमीबी तेल लावून उन्हात ठेवतो. पण मोठ्या पोरीले?"

मी तिला सगळं सांगितलं, माझ्या मांड्यांपासून गोळ्यांपर्यंत. दुखण्याचं मी तिला कधी कळवलंच नव्हतं. मग ती पदर सारून स्वतःच्या दंडाकडे बघत म्हणाली, "म्हणजे माह्या कातडीनं जलमभर काम केलं, अन् मले पत्ताच नाई?"

आम्ही दोघी हसलो. हसता हसता तिचा आवाज बदलला. "इथं फुकट भेटते, अन् तुले तिथं गोळीतून घ्या लागते. मंग येऊन जा ना वापस."

यांची नोकरी, मीनलची शाळा, हे सगळं तिला ठाऊक होतं. तरी तिनं म्हटलं होतं, आणि मनापासून म्हटलं होतं.

तेवढ्यात मीनल धापा टाकत आली, माझ्या मांडीत शिरली आणि म्हणाली, "आई, आपण घरी कधी जायचं?"

मायनं माझ्याकडे पाहिलं. 'घर' म्हटलं की माझ्या तोंडी अजूनही आष्टीच येते. तुमच्यातले जे आष्टी सोडून गेले, त्यांचंही तसंच होत असेल. पण त्या अंगणात बसून मी लेकीला म्हणाले, "पुढच्या रविवारी."

माय उठली आणि मीनलसाठी पाणी आणायला आत गेली.