खंडेनवमीची सुटी

पनवेलच्या आमच्या प्रयोगशाळेत खंडेनवमी थाटात होते. सूक्ष्मदर्शकाला हळदकुंकू, सेंट्रिफ्यूजला झेंडू, आणि पूजेला बसणारे आमचे सर परदेशातून डॉक्टरेट घेऊन आलेले. मला देवाचं वावडं नाही, पण पेशींजवळ फुलं आणि जंतू आले की माझं डोकं फिरतं. म्हणून मी आधीच बजावलं होतं, ज्या उबदार कपाटात पेशी वाढतात त्या इन्क्युबेटरला फूलसुद्धा लावायचं नाही. सरांनी फूल लावलं नाही, हे मान्य.

त्या वेळी कपाटात एकाच माणसाच्या पेशी होत्या. शिरढोणकडचा, रेती-विटांचा धंदा करणारा गडी. त्याच्या खुब्याचं हाड रक्त न पोचल्यानं मरत चाललं होतं. कमरेच्या हाडातला मगज सुईनं काढून त्यातल्या मेसेन्कायमल मूलपेशी आम्ही वाढवत होतो. या पेशींपासून हाड बनू शकतं, कूर्चाही बनू शकते. शिवाय आजूबाजूच्या दुखावलेल्या पेशींना त्या सावरून घेतात. त्या खुब्यात सोडल्या तर सांधा बदलणं टळेल अशी आशा होती, हमी नव्हती. त्याला मांडी घालून जेवायचं होतं, बस. पण सुई फार दुखली. जाताना म्हणाला, "ताई, येकदा दिला. पुन्ना नाय देनार हां."

नवमीला दुपारी मी पेशींचं खाद्य बदलायला गेले, तर आत नुसता उकाडा. एसी बंद, दिवे बंद, इन्क्युबेटरवरचा तापमानाचा आकडाही गेलेला.

"सर, हे कुणी केलं?"

"पूजा झाली की अवजारं दिवसभर विसावतात. आमच्याकडे पद्धत आहे," सर म्हणाले. "फ्रीजर चालू ठेवलाय की."

फ्रीजरच्या बटणावर 'बंद करू नये' अशी पट्टी होती. इन्क्युबेटरच्या बटणावरची पट्टी पूजेआधीच्या पुसापुशीत निघाली होती. बटण बघून सरांचा चेहरा पडला. मी त्यांना नको नको ते बोलले आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

सूक्ष्मदर्शकावरचं हळदकुंकू स्पिरिटनं पुसून काढलं आणि डोळा लावला. या पेशी जिवंत असल्या की डबीच्या तळाला चिकटून बसतात. मेल्या की गोल होऊन तरंगतात. माझ्या लांबट, निमुळत्या पेशी तळाला घट्ट चिकटून होत्या! ज्या दसऱ्याच्या उन्हाला आम्ही रोज शिव्या घालतो, त्यानंच त्यांना ऊब दिली होती. सरांनी एसी बंद केला हेही बरंच झालं. मी मटकन स्टुलावर बसले.

दुसऱ्या दिवशी बटणावर नवी पट्टी दिसली, सरांच्या अक्षरात: 'याला सण नाही.'

सगळ्या चाचण्या नव्यानं केल्या. त्यांत पेशी खऱ्या उतरल्या, तेव्हाच मी शिरढोणच्या त्या गड्याला फोन करून झालं ते सांगितलं. काही लपवलं नाही.

"सनाला समद्यांना सुटी, मंग माज्या पोरांना नको काय?" तो हसला. मग त्याचा आवाज बारीक झाला. "ताई, मंग पुन्ना सुई?"

"नाही. लागणार नाही."

त्यानं फोन हातात धरूनच बायकोला हाक मारली, "नाय गो, नाय टोचायची!" आणि एवढा मोठा माणूस फोनवर हमसून रडायला लागला. मग मीही रडले.